मनगटातला तडा

काचेच्या कामात आधी कान तयार होतो, हात मागाहून. कटर काचेवरून नीट चालला की रेशमी कापड फाडल्यासारखा एकसलग आवाज येतो. तो मध्येच अडखळला की समजायचं, ही काच आता आपल्या मनाने तुटणार. पण एक आवाज असा असतो की तो कुठल्याच काचवाल्याला नको असतो. टक्. बारीक, कोरडा, नखावर नख आपटल्याएवढा. तो आला की हात जागच्या जागी थांबवायचे. डोळ्यांना दिसत नसला तरी कुठेतरी तडा गेलेला असतो, आणि अशी काच कोणी हलवली, जरा वाकवली, की तो या कडेपासून त्या कडेपर्यंत धावत सुटतो. मग ब्रह्मदेव आला तरी त्याला थांबवता येत नाही.

हा टक् काचवाल्यांनी ऐकला तो स्वतःच्या उजव्या मनगटात.

बाजारात सगळे त्यांना काचवाले म्हणत. चौकटी बनवणारे सुतार मात्र पाठीमागे त्यांना ‘मिलीमीटर’ म्हणत, कारण खिडकीचं माप कुणी ‘साधारण इतकं’ असं सांगितलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. तीस वर्षं त्यांनी शिडीवर, गच्चीच्या कठड्यावर, दुकानांच्या दर्शनी भागात माणसाएवढ्या काचा बसवल्या. अंगावर एक मोठी जखम नाही. आणि पडले कुठे, तर घरच्या न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, साबणाच्या पाण्यावरून. तोल सावरायला उजवा हात टेकला आणि मनगट असं वाकडं झालं की बायकोने ते पाहिलं आणि आधी पंचा टाकून झाकलंच.

ऑपरेशन झालं. आत धातूची पट्टी बसली, सात स्क्रू लागले. स्क्रू केवढाले, हे त्यांनी डॉक्टरांना विचारलंच.

“अडीच मिलीमीटर,” डॉक्टर म्हणाले.

“नक्की अडीच?”

घरी येणाऱ्याजाणाऱ्याला हा किस्सा ते हसून सांगत. जे सांगत नसत ते वेगळंच होतं. त्यांना पूर्ण भूल दिली नव्हती, नुसता हात बधिर केला होता. हिरव्या पडद्याच्या पलीकडे आपला हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडलेला, आणि त्या पडद्याआडून ड्रिलचा आवाज. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. काचेला भोक पाडताना शेवटच्या क्षणी दाब कमी करावा लागतो. तिथे घाई झाली की भोकाच्या कडेने तडा जातो. पडद्याआडचा ड्रिल शेवटच्या क्षणी हळू होत नव्हता. सात वेळा त्यांनी श्वास रोखून वाट पाहिली, आणि सातही वेळा तो तसाच भसकन पलीकडे गेला.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, “हात हलवायचा, घाबरायचं नाही. दुखणं फार वाढलं तर मात्र या. क्वचित एखादा स्क्रू सैल होतो, मग पुन्हा उघडावं लागतं.” बोललेल्यातलं नव्व्याण्णव टक्के धीराचं होतं. काचवाल्यांच्या कानात शेवटचे तीन शब्द तेवढे राहिले.

प्लास्टर निघालं, व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक निळा स्पंजचा चेंडू दिला, दिवसातून चार वेळा दाबायला सांगितला, तळहात आभाळाकडे वळवायला सांगितला. पहिले सहा-सात दिवस काचवाल्यांनी अगदी घड्याळ लावून सगळं केलं. आठव्या दिवशी सकाळी तळहात वळवता वळवता तो आला. टक्.

त्यांनी हात होता तसा, अर्धा वळलेला, मांडीवर ठेवला आणि किती तरी वेळ तसेच बसून राहिले. बायको आतून म्हणाली, “झाला का व्यायाम?” ते म्हणाले, “झाला.”

त्या दिवसापासून खरंच झाला.

तडा गेलेली काच हलवायची नाही, हे तीस वर्षं हाडीमाशी मुरलेलं होतं. बाकी कुणी असता तर डॉक्टरकडे धावला असता. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे ‘पुन्हा उघडावं लागतं’, पुन्हा तो पडदा. त्यापेक्षा हलवलंच नाही तर तडा आहे तिथेच राहील. त्यांनी दुकानात काचांखाली घालायचा लोकरीचा जाड नमदा माप घेऊन कापला, त्याला चामड्याचे दोन पट्टे लावले आणि मनगट त्यात आवळून टाकलं. दूरगावी पाठवायचा आरसा बांधावा तसं. तपासणीच्या दोन्ही तारखांना ते घरातून निघाले, बागेत बाकावर बसले आणि परत येऊन म्हणाले, “सगळं ठीक आहे म्हणाले.”

हात तळहाताच्या फोडासारखा जपला, म्हणून दुखणं कमी व्हायला हवं होतं. ते वाढलं. सकाळी बोटं अशी ताठ, की शर्टाचं बटण डाव्या हाताने लावावं लागे. जखमेच्या वणावरून बाही घासली तरी आग व्हायची. कातडी चकचकीत, सुजकट दिसायला लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. यांची मूठ झाकतच नव्हती. बोटं आणि तळहात यांच्यात दोन बोटांचं अंतर राहायचं, आणि ते अंतर, माप घ्यायची सवय म्हणून, ते रोज पट्टीने मोजत. बेचाळीस मिलीमीटर. चव्वेचाळीस. सेहेचाळीस. तडा पसरतोय, दुसरं काय.

दुकानात कापायचं काम आता मेहुणा करत असे. बायकोचा धाकटा भाऊ, पस्तिशीचा, अंगाने आडवा, तोंडाने त्याहून आडवा. “भाऊजी, तुम्ही नुसतं बसून माप सांगा. सिंहासनावर बसल्यासारखं,” असं म्हणून तो कामाला लागायचा. मोठ्या काचा मात्र एकट्याने उचलण्यातल्या नसतात. तिसऱ्या महिन्यापासून काचवाले त्याला दुसऱ्या टोकाला हात देऊ लागले. भार सगळा डाव्या हातावर. उजवा नुसता वरच्या कडेला टेकवलेला, शोभेला.

चौथ्या महिन्यात एका शिंपिणीच्या दुकानात आरसा पोचवायचा होता. दुकान पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, मध्ये एक वळण. वळणावर दोघांना हात बदलावे लागले आणि क्षणभर आरशाची खालची कड काचवाल्यांच्या उजव्या हातात आली. मनगटापासून कोपरापर्यंत तापलेली सळई फिरावी तसं झालं. त्यांनी बोटं उघडली नाहीत, ती आपोआप उघडली. आरसा जिन्यावर आपटला, कोसळला. मेहुण्याने पाय उचलला म्हणून पाय वाचला. नडगीवर विजार फाटून रक्ताची रेघ उमटली, तेवढ्यावर निभावलं.

आधी मेहुणाच म्हणाला, चेहरा पांढराफटक, “माझंच चुकलं, भाऊजी. वळताना मी घाई केली. मी ओढला.”

काचवाल्यांनी तोंड उघडलं. आणि मिटलं.

मेहुणा दुसऱ्या दिवसापासून हातमोज्यांवर हातमोजे घालायला लागला. प्रत्येक पावलाला विचारायचा, “वळू? आता वळू?” सिंहासनाचा विनोद बंद झाला. आणि काचवाल्यांना प्रत्येक काच आता वेगळीच दिसायला लागली. ती काच उरली नाही, मेहुण्याच्या पायावर पडायच्या आधीची वस्तू झाली. पुढच्या वेळी नडगी नसेल, मान असेल. तरी ‘आपण उचलू नये’ असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. म्हटलं की का ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की दवाखाना. आगीतून निघून फुफाट्यात जायचं, तर ते आगीतच उभे राहिले.

एका दुपारी बायको बटाटे सोलत बसली होती. तिने ओटीतून काहीतरी काढून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. निळा चेंडू.

“अहो, यांना ओळखता का?”

“चेंडू आहे.”

“ओळख आहे म्हणायची. मला वाटलं, भेटच नाही झाली तुमची.” तिने चेंडू उलटा केला. दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती, जवळजवळ कोरी. “इतके महिने, दिवसातून चार वेळा दाबलेला चेंडू असा दिसतो? आपल्या लेकीच्या लहानपणीचा चेंडू आठवतो ना? आठ दिवसांत त्याचं भरीत झालं होतं.”

“धाकटा आला होता सकाळी. म्हणतो, ताई, हे काम सोडावं म्हणतोय, माझा हात आता भरवशाचा नाही. मी त्याला लहानपणापासून बघतेय. तो जेवायला घाई करेल, भांडायला घाई करेल. जड वस्तू हातात असताना तो कधी घाई करत नाही.” तिने सुरी खाली ठेवली. “आरसा कुणाच्या हातून सुटला?”

चोराच्या मनात चांदणं असतं. इथे तर भर दुपार होती. काचवाल्यांच्या तोंडून बाहेर आलं ते भलतंच वाक्य: “आतून तडा गेलाय गं.”

“कशाला?”

“हाडाला. मी ऐकला.”

ती हसेल म्हणून त्यांनी मान खाली घातली. ती हसली नाही. हात पुसून शेजारी येऊन बसली. “मला ऐकवा.”

“नको. वाढेल.”

“थोडासाच.” तिने चामड्याचे पट्टे सोडले. नमद्याखालचा हात पाहून तिचा चेहरा क्षणभर उतरला. तिने मनगटाशी कान नेला, अगदी जवळ. काचवाल्यांनी डोळे घट्ट मिटले आणि तळहात सूतभर वळवला. टक्.

“हा?” ती म्हणाली. “हा होय? माझा गुडघा दहा वर्षं उठता-बसता असा वाजतोय. मग मी काय खिडकी आहे?”

एरवी यावर ते दिवसभर हसले असते. आता त्यांनी हात छातीशी धरला होता आणि घाम कानामागून खाली येत होता. तिला ते दिसलं. आवाज उतरवून ती म्हणाली, “उद्या जायचं. मी येणार. बागेतल्या बाकापर्यंत नव्हे, आतपर्यंत.”

बागेचं तिला कसं कळलं, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे काढून घेतला आणि उजेडाच्या फळीवर लावला. पट्टी, सात स्क्रू, आणि हाडात एक पुसट तिरकी रेघ. काचवाल्यांनी खुर्चीतून उठून तिच्यावर बोट ठेवलं. “हा बघा. हाच.”

“ही मोडल्याची जुनी रेघ आहे. भरत आलीय. स्क्रू एकही हललेला नाही.” डॉक्टरांनी त्यांचा हात घेतला, बोटं एकेक वाकवून पाहिली, आणि वाकवता वाकवता त्यांचं बोलणं मंदावलं. “आवाज येतो तो स्नायूच्या दोरीचा. पट्टीवरून सरकते ती. पण हे काय करून ठेवलंत? हाड जुळलंय हो. हात तुम्ही गोठवून टाकलात. किती दिवस हलवला नाही?”

“साधारण…” काचवाले म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना साधारणच्या पुढे काही सांगता आलं नाही.

“पुन्हा उघडावं लागेल?” बायकोने विचारलं. त्यांच्या वतीने.

“नाही. पण हलवावं लागेल, आणि दुखेल. काही महिने. ताठरपणा किती सुटेल, दुखणं पूर्ण जाईल का, ते मला आज सांगता येणार नाही. वेळेवर आला असतात तर सांगितलं असतं.”

घरी येताना बायको सुटकेने बोलत होती. काचवाले ऐकत नव्हते. एक भीती गेली आणि तिच्या रिकाम्या जागेत दुसरी येऊन पथारी पसरून बसली. आधी वाटायचं, हलवलं तर मोडेल. आता वाटत होतं, न हलवून मीच मोडला. तडा बाहेरून आलेला नव्हता. नमद्यात गुंडाळून, पट्टे आवळून, रोज एकेक मिलीमीटर त्यांनीच तो पाडला होता.

व्यायामाच्या बाई वयाने त्यांच्या लेकीएवढ्या, पण दयामाया काडीची नाही. गरम पाण्यात हात बुडवायचा, मग त्या मनगट धरून वळवायच्या.

“काका, दुखणं शून्य ते दहात सांगा.”

“सहा पूर्णांक चार.”

“पूर्णांक नको, नुसतं सांगा.”

“मग सहा म्हटलं तर कमी होतं आणि सात म्हटलं तर खोटं.”

टक् आला की काचवाल्यांचं सगळं अंग लाकूड व्हायचं. बाई तिथेच थांबायच्या, हात न सोडता. “दुखलं. मोडलं का? बघा हलवून. काका, डोळे उघडून बघा.” ते बघत. काही मोडलेलं नसे. पण मन म्हणे, आज नाही, पुढच्या वेळी. दर वेळी पुढच्या वेळी. तरी आठवड्यातले तीन दिवस ते गेले. काही दिवशी हात रात्रीपेक्षा सकाळी जास्त सुजलेला असे. मग बायको नुसती समोर बसून निळा चेंडू आपणच दाबत बोलत राही, शेजारणीबद्दल, भाजीवाल्याबद्दल, कशाबद्दलही, आणि थोड्या वेळाने तो त्यांच्यापुढे करी. सात आठवड्यांनी बोटं आणि तळहात यांच्यातलं अंतर एकोणीस मिलीमीटर झालं. दुखणं होतंच. पावसाळी हवेसारखं, कधी दाटून येई, कधी नुसतं आभाळात टांगून राही.

वाचनालयाच्या दर्शनी खिडकीची काच बसवायची होती. लांबी सात फूट. दुकानापासून चौकाच्या पलीकडे, शंभरेक पावलं. एवढ्यासाठी गाडी कोण आणणार, चालतच न्यायची. मेहुण्याने हातमोज्यांची दुसरी जोडी चढवायला घेतली, तेव्हा काचवाले म्हणाले, “ते काढ. आणि ऐक. तो आरसा माझ्या हातून सुटला होता.”

मेहुणा हातमोजा अर्धा घातलेला तसाच उभा राहिला.

“काय?”

“दुखत होतं. सांगितलं नाही. तू माझंच चुकलं म्हणालास, आणि मी… बोललो नाही.”

काचवाल्यांना वाटलं होतं, तो म्हणेल जाऊ द्या. त्याने हातमोजा काढून जमिनीवर फेकला. “दोन महिने, भाऊजी! दोन महिने मी घरी पोरीला कडेवर घ्यायला घाबरतोय! जिना चढताना तिला बायकोकडे देतो! आणि तुम्ही समोर बसून माप सांगत होतात!” त्याचा आवाज चिरकला. शेजारचा कुलूपवाला डोकावला आणि लगबगीने आत गेला. “सांगायचं तरी होतं. नाही उचलली असती. दोन माणसं लावली असती. माझा पाय गेला असता तर?”

“तीच भीती वाटत होती.”

“मग भीती वाटली तर तोंड बंद करतात का?”

काचवाले उभे राहिले, उजवा हात डाव्यात धरून. मग मेहुणा काचेपाशी गेला, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, “मागून मी घेतो जड बाजू. तुम्ही पुढे. आणि दुखलं तर बोलायचं. मनात नाही, तोंडाने.”

काच उचलली. चौकापर्यंत ठीक होतं. रस्ता ओलांडताना मनगटात ती ओळखीची ऊब आली, मग आग. काचवाल्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली. साठ राहिली. पन्नास. या धंद्यात उचललेली काच वाटेत टेकवत नाहीत. कडेचा टवका उडतो, आणि त्याहून मोठं म्हणजे लोक बघतात. तीस वर्षांत त्यांनी कधी टेकवली नव्हती. अंगठ्याखालची बोटं सैल पडायला लागल्यासारखी वाटली. पडली नव्हती अजून. मागे मेहुण्याचा श्वास ऐकू येत होता, जड, जवळ.

“थांब,” ते म्हणाले. आवाज फारच बारीक निघाला. म्हणून पुन्हा, मोठ्याने, “थांब रे. ठेव खाली.”

मेहुण्याने एका क्षणात पायातल्या दोन्ही चपला काढून पायानेच काचेखाली सरकवल्या. काच त्यांच्यावर टेकली. भर फुटपाथवर, माणसांच्या वर्दळीत, दोघे जण दोन बाजूंनी तिला सावरून उभे राहिले. येणारे-जाणारे वळसा घालून पुढे जात होते. एकजण थांबला, काचेत बघून केस सारखे केले आणि निघून गेला.

काचवाल्यांनी उजवा हात सोडवून खाली लोंबता ठेवला. जाणाऱ्या-येणाऱ्यांना तो दिसत होता. त्यांनी लपवला नाही.

“झालं?” अनवाणी मेहुण्याने विचारलं. अजून रागातच.

“नाही,” काचवाले म्हणाले. “अजून जरा वेळ लागेल.”

“लागू दे,” तो म्हणाला, आणि काच त्याने आणखी घट्ट धरली.